स्वतंत्र विदर्भ, जनमत आणि बुलढाणा

विदर्भाच्या वेगळ्या राज्याची मागणी महाराष्ट्र राज्यापेक्षा वयाने मोठी आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १ ऑक्टोबर १९३८ रोजी मराठी भाषक जिल्ह्यांच्या वेगळ्या प्रांतासाठी ठराव संमत केला, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून उभी राहायची होती आणि मुंबई, पुणे, नागपूर व औरंगाबाद एका राज्यात येतील अशी खात्री कोणालाही देता आली नसती. त्या ठरावाला आठ दशकांहून अधिक काळ लोटला. करार झाले, आयोग नेमले गेले, राज्यघटनेत कलम आले, अनुशेषाचे अहवाल छापले गेले, पक्षांनी ठराव केले आणि सोयीप्रमाणे ते बासनात गुंडाळून ठेवले. ज्या लोकांच्या नावाने हे राज्य मागितले जाते आणि ज्यांच्याच नावाने ते नाकारले जाते, त्यांना ते हवे आहे की नको, हे मात्र मतपेटीतून एकदाही विचारण्यात आलेले नाही. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, मराठवाडा आणि खानदेश यांच्या शिवेवर वसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातून या प्रश्नाकडे पाहिले की ही उणीव विशेष ठळकपणे जाणवते, कारण विदर्भवादी आणि अखंड महाराष्ट्रवादी हे दोघेही या जिल्ह्याचे मत गृहीत धरून चालतात.

विदर्भ म्हणजे आजचे नागपूर आणि अमरावती हे दोन महसुली विभाग व त्यांतील अकरा जिल्हे. १९५६ मध्ये हे जिल्हे आठ होते. पुढे चंद्रपुरातून गडचिरोली, अकोल्यातून वाशिम आणि भंडाऱ्यातून गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले. परंतु या प्रदेशाचे दोन अर्ध इतिहासाने वेगवेगळ्या वाटांनी आणलेले आहेत, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय पुढील कोणतीही चर्चा नीट होत नाही. पूर्वेकडील नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर हा भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. ते राज्य दत्तक वारसा नामंजूर करून १८५०च्या दशकात खालसा झाले आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात गेले. पश्चिमेकडील वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि १९०३ मध्ये कारभाराच्या सोयीसाठी मध्यप्रांताला जोडला गेला. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये गावचा सारा गोळा करणारा मालगुजार असलेली पद्धत होती, तर वऱ्हाडात मुंबई इलाख्याप्रमाणे शेतकऱ्याशी थेट सारा ठरवणारी रयतवारी होती. १९०५च्या फेररचनेनंतर वऱ्हाडात अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे राहिले. १९२० नंतर काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या बनवल्या, तेव्हाही नागपूर आणि विदर्भ म्हणजे वऱ्हाड अशा दोन स्वतंत्र समित्या होत्या. वऱ्हाडच्या काळ्या कापूसजमिनीचा पैसा मध्यप्रांताच्या खर्चासाठी वळवला जातो, ही त्या काळातल्या वऱ्हाडी पुढाऱ्यांची कायमची तक्रार होती. आपल्या उत्पन्नावर दुसऱ्याची राजधानी पोसली जाते, ही विदर्भवादातील मूळ भावना वऱ्हाडात प्रथम नागपूरच्या विरोधात उमटली होती, ही गोष्ट आजच्या वादात फारशी कोणी आठवत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नावर पहिला गंभीर तोडगा अकोल्यात निघाला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी झालेल्या अकोला करारावर शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, रामराव देशमुख, बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी आदींनी सह्या केल्या. एका संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत आणि त्यांना स्वतंत्र विधिमंडळे व मंत्रिमंडळे असावीत, अशी त्या कराराची कल्पना होती. आणि असा संयुक्त प्रांत होऊच शकला नाही, तर महाविदर्भाचा प्रांत वेगळा व्हावा, हेही त्यात मान्य करण्यात आले होते. एका भाषेच्या दोन प्रदेशांनी एकत्र राहूनही आपापला कारभार आपल्या हाती ठेवण्याची ही रचना होती. सहा वर्षांनी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला आणि त्यात उपप्रांताची कल्पना नाहीशी होऊन तिच्या जागी आश्वासने आली: विकासखर्चात न्याय्य वाटा, सरकारी नोकऱ्यांत व व्यावसायिक शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात आणि विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे यांच्या त्यावर सह्या होत्या. अणे आणि बियाणी यांनी मात्र सही केली नाही. अकोला करारात सत्तेची वाटणी होती आणि नागपूर करारात केवळ लाभांची. पुढच्या साठ-सत्तर वर्षांतील असंतोषाचे बीज या फरकात आहे.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी दिलेल्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे आयोगाचे अन्य दोन सदस्य होते. विदर्भ हा स्वतःच्या उत्पन्नावर राज्य चालवू शकणारा शिलकी प्रदेश आहे आणि मोठ्या राज्यात त्याच्या हिताकडे दुर्लक्ष होण्याची तेथील लोकांना वाटणारी भीती निराधार नाही, असा आयोगाचा एकूण सूर होता. बुलढाणा या शिफारशीत अर्थातच समाविष्ट होता. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, हा विचार मांडला आणि महाराष्ट्राचे मुंबई, पश्चिम, मध्य व पूर्व असे चार भाग सुचवले. त्यांतील पूर्व महाराष्ट्र म्हणजे मुख्यत्वे विदर्भच. भाषा एक असूनही राज्य वेगळे मागता येते, या भूमिकेला इतका तर्कशुद्ध आधार त्यानंतर कोणी दिलेला नाही.

शिफारस मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि नागपूरचे राजधानीपण संपले. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली, तेव्हा काँग्रेसचे सरकार तरले ते बऱ्याच अंशी गुजरात आणि विदर्भाच्या बळावर. शंभरहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हे बलिदान विदर्भवाद्यांनीही आदराने स्मरले पाहिजे. पण त्या लढ्याची रणभूमी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र होती, आणि विदर्भाने महाराष्ट्रात येण्याचा निर्णय त्याच्या प्रतिनिधींनी करार-वाटाघाटींतून घेतला, हेही तितकेच खरे आहे.

राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद केली. ही तरतूद १९५६ पासून घटनेत होती. मंडळे स्थापन व्हायला १९९४ उजाडले. मधल्या काळात नागपूर कराराचे काय झाले याचा हिशेब वि. म. दांडेकर समितीने मांडला. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८४ मध्ये अहवाल दिलेल्या या समितीने जिल्हा हा घटक धरून रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागासलेपण उरले आहे ते पैशांत मोजले. अनुशेष म्हणजे हीच तूट, ती भरून काढण्यासाठी लागणारा खर्च. समितीच्या हिशेबाने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता आणि त्यातील सुमारे ३९ टक्के एकट्या विदर्भाचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४च्या स्थितीवर आधारित नवी मोजदाद केली, तेव्हा अनुशेष सुमारे १४,००० कोटींवर गेलेला आढळला आणि विदर्भाचा वाटा जवळजवळ निम्मा झाला होता. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये सरकारला सादर झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळासमोर आला. समित्यांच्या निष्कर्षांबाबत राज्यात मोठा मतभेद कधीच नव्हता. निष्कर्ष आणि अंदाजपत्रक यांच्यामधले अंतर हीच खरी अडचण ठरली.

या सरासऱ्यांच्या आत शिरले की बुलढाण्याची स्थिती वेगळी दिसते. सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा तेरा तालुक्यांचा आहे आणि लोक त्याचे दोन भाग करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही पूर्णेच्या खोऱ्यातली कापसाची काळी जमीन आहे. तिच्या एका मोठ्या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे आहे आणि विहीर खणूनही ना पिण्याची सोय होते ना ओलिताची. या खारपाणपट्ट्यात सिंचन म्हणजे धरणाचे गोडे पाणी, दुसरा मार्ग नाही. त्यासाठी नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याचे उद्दिष्ट सुमारे एक लाख हेक्टर ओलिताचे, त्याचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट वाढून हजारो कोटींवर गेलेला, आणि त्याची कहाणी तीन दशकांची. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा आणि जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा हा बालाघाटाच्या पठाराचा, कोरडवाहू सोयाबीनचा प्रदेश आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही. खामगावची शाखा जलंब स्थानकापाशी मुख्य मार्गापासून फुटते आणि खामगावलाच संपते. ती जालन्यापर्यंत न्यावी ही मागणी शतकाहून जुनी आहे. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी जुलै २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता.

विशेष लक्षात घेण्याची बाब अशी की राज्यपालांच्या निर्देशांनंतर विदर्भाच्या पूर्व भागातील सिंचनाचा मान्य अनुशेष कागदोपत्री संपत गेला, पण अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा उरला. हे चारही जिल्हे वऱ्हाडातले आहेत. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, भारतीय व्यवस्थापन संस्था आणि मिहान प्रकल्प नागपुरात आले. विदर्भाच्या नावाने जे मिळाले त्याचा मोठा हिस्सा नागपूरला मिळाला, असे वऱ्हाडात बोलले जाते, आणि ते केवळ मत्सरापोटी बोलले जाते असे म्हणता येणार नाही. अकोल्याला कृषी विद्यापीठ मिळाले ते १९६९ मध्ये, आणि त्यासाठी १९६७ मध्ये आंदोलन करावे लागले, त्यात माणसे मेली. बुलढाण्यातील पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास असलेले नागपूर गाठावे लागते, कारण तो विदर्भातला आहे. छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर असूनही त्याला उपयोगाचे नाही. उलट, लोकसभा मतदारसंघ आखताना ही सीमा कोणालाही अडली नाही: जिल्ह्यातला मलकापूर विधानसभा मतदारसंघ खानदेशातील रावेर लोकसभा मतदारसंघात आहे. देऊळगाव राजाचा व्यवहार जालन्याशी, मलकापूरचा भुसावळ-जळगावशी आणि खामगाव-शेगावचा अकोल्याशी. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान असल्यामुळे मराठी राज्याच्या स्मृतीत या जिल्ह्याला मानाचे स्थान आहे, आणि तिथल्या माणसाला महाराष्ट्रापासून वेगळे होण्याची भाषा सहजी रुचत नाही.

मतदानाच्या आकड्यांतून या प्रश्नाचा कल शोधण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून निवडणुकांचा मागोवा घेणे भाग आहे. बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले, ते स्वतंत्र विदर्भाच्या भूमिकेवर. १९७१च्या इंदिरा लाटेत जांबुवंतराव धोटे यांनी फॉरवर्ड ब्लॉकच्या चिन्हावर नागपूर जिंकले, आणि विदर्भवादाला मिळालेला हा बहुधा सर्वांत मोठा लोककौल होता. तेच धोटे १९८० मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. वसंत साठे, एन. के. पी. साळवे, बनवारीलाल पुरोहित यांनी वेगवेगळ्या काळात मागणी उचलली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तिला शेतमालाच्या भावाच्या प्रश्नाशी जोडले आणि वामनराव चटप यांनी ती धुरा पुढे वाहिली. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे छोट्या राज्यांच्या बाजूने ठराव केला. पण २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड झाली तेव्हा विदर्भ झाला नाही, कारण मित्रपक्ष शिवसेनेचा त्याला ठाम विरोध होता. महाराष्ट्राचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना याच विषयावरील वक्तव्यांनंतर मार्च २०१६ मध्ये पद सोडावे लागले. केवळ विदर्भाच्या मुद्द्यावर लढणाऱ्या पक्षांना अलीकडच्या काळात विधानसभेत किंवा लोकसभेत म्हणण्यासारखे यश मिळालेले नाही.

बुलढाण्यापुरते पाहिले तर आकडे अधिक बोलके आहेत. १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या लोकसभा निवडणुकांत १९९८चा अपवाद वगळता येथून शिवसेना किंवा तिच्या फुटीनंतरचा गट निवडून आला आहे, म्हणजे अखंड महाराष्ट्राचा सर्वांत आग्रही पक्ष. यावरून जिल्हा विदर्भाच्या विरोधात आहे असा निष्कर्ष काढणे मोहात पाडणारे असले, तरी ते योग्य नाही. लोकसभेला मत देताना माणूस उमेदवार, जात, युती, सोयाबीनचा भाव, देशाचा पंतप्रधान अशा दहा गोष्टींचा विचार करतो आणि त्यांत राज्याचा प्रश्न अकरावा असतो. याच न्यायाने १९६२ किंवा १९७१चे नागपूर म्हणजे सारा विदर्भ नव्हे. २०१३च्या सुमारास जनमंच या नागपूरच्या संघटनेने काही शहरांत अनौपचारिक जनमत चाचण्या घेतल्या आणि त्यांत वेगळ्या राज्याच्या बाजूने प्रचंड बहुमत दिसले; परंतु अशा चाचणीत मत द्यायला मुख्यतः तोच येतो ज्याला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, त्यामुळे तिच्यातून उत्साह मोजता येतो, जनमत नाही. अखंड महाराष्ट्रवाद्यांचा एक युक्तिवाद मात्र येथे मान्य करावा लागतो: मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक हे विदर्भातले मुख्यमंत्री १९६२ ते १९७५ एवढा काळ सत्तेवर होते, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीसही विदर्भातलेच, आणि तरी अनुशेष वाढला, तेव्हा सत्ता विदर्भाच्या माणसाकडे असणे आणि विदर्भाला न्याय मिळणे या दोन गोष्टी एक नाहीत. याच तर्काचे दुसरे टोक असे की राजधानी नागपुरात असणे आणि बुलढाण्याला न्याय मिळणे याही दोन गोष्टी एक नाहीत.

घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि तो साध्या बहुमताने वापरता येतो. राष्ट्रपतींनी विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मतासाठी पाठवायचे असते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. द्वैभाषिक मुंबई राज्याच्या निर्मितीला आव्हान देणाऱ्या बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळले आणि तरीही २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले. विधिमंडळाचे मत ऐकले जाते. ज्या प्रदेशाचा प्रश्न आहे त्यातील मतदाराचे मत ऐकण्याची मात्र कोणतीही पायरी या कलमात नाही.

तशी पायरी भारतात अशक्य आहे असे म्हणायला गोव्याचा इतिहास परवानगी देत नाही, आणि हा इतिहास मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित ठेवावा, यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. दयानंद बांदोडकर यांच्या विलीनीकरणवादी सरकारने मतदान निःपक्ष व्हावे म्हणून आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळे राहण्याचे चिन्ह दोन पाने होते. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. महाराष्ट्रातील फार मोठ्या वर्गाला हा निकाल दुःखद वाटला, पण तो मानला गेला, आणि विलीनीकरणाचा वाद त्या दिवशी खऱ्या अर्थाने मिटला. विदर्भाच्या प्रश्नाला नेमके हेच मिळालेले नाही: हरणाऱ्या बाजूनेही मान्य करावा असा निकाल.

परदेशांत या विषयावर सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे कॅनडातील फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांत. रेने लेवेक यांनी १९६८ मध्ये पार्ती क्वेबेक्वा हा पक्ष स्थापन केला, १९७६ मध्ये सत्ता मिळवली आणि २० मे १९८० रोजी सार्वभौमत्वाच्या वाटाघाटींसाठी जनतेचा कौल मागितला, तेव्हा ५९.५६ टक्के मतदारांनी नकार दिला. ३० ऑक्टोबर १९९५ रोजी झालेल्या दुसऱ्या मतदानात ९३ टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले आणि नकाराची बाजू ५०.५८ टक्क्यांनी, म्हणजे ५४,२८८ मतांनी, जिंकली. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रांताला एकतर्फी फुटून जाता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर उर्वरित देशावर वाटाघाटी करण्याचे बंधन येईल. विदर्भाशी याची तुलना करताना दोन मोठे फरक विसरता कामा नयेत. क्वेबेकला वेगळा देश हवा होता, विदर्भाला याच देशात वेगळे राज्य. आणि क्वेबेकची मागणी भाषेवर उभी आहे, तर विदर्भाची मागणी भाषा एक असूनही होते. शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १९९५च्या मतदानाच्या काही दिवस आधी उत्तर क्वेबेकमधील क्री या आदिवासी समाजाने स्वतःचे मतदान घेतले आणि ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी, प्रांत फुटलाच तर आपण आपल्या भूमीसह कॅनडातच राहू, असे सांगितले. प्रांताला देशापासून वेगळे होण्याचा हक्क असेल, तर प्रांताच्या एका भागाला प्रांतापासून तो हक्क का नसावा, या प्रश्नाला क्वेबेकवादी नेत्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही.

ते उत्तर दुसऱ्या एका फ्रेंच भाषक प्रदेशाने शोधले. स्वित्झर्लंडमध्ये घटकराज्याला कॅन्टन म्हणतात. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या तहानंतर जुरा हा बहुतांशी फ्रेंच भाषक प्रदेश जर्मन भाषक बर्न कॅन्टनला जोडला गेला आणि पुढे दीड शतक तेथे असंतोष धुमसत राहिला. अखेर मतदानाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत ठरली. २३ जून १९७४ रोजी संपूर्ण जुराला विचारले गेले: नवे कॅन्टन हवे का? ३६,८०२ मते होकाराची आणि ३४,०५७ नकाराची पडली. बहुमत मिळाले म्हणून सगळा प्रदेश उचलून नेण्यात आला नाही. ज्या जिल्ह्यांत नकार अधिक होता त्यांना मार्च १९७५ मध्ये पुन्हा विचारण्यात आले, आणि दक्षिणेकडील तीन जिल्हे, फ्रेंच बोलत असूनही, बर्नमध्येच राहिले. मग सीमेवरील गावांना विचारण्यात आले. संपूर्ण देशाने १९७८ मध्ये संमती दिल्यावर १ जानेवारी १९७९ रोजी उत्तरेकडील तीन जिल्ह्यांचे जुरा कॅन्टन झाले. मुतिये हे शहर तेव्हा बर्नमध्ये राहिले होते. त्याने मार्च २०२१ मध्ये मत बदलले आणि त्याचे जुरामध्ये हस्तांतर १ जानेवारी २०२६ पासून ठरले.

विदर्भाच्या अभ्यासकांनी क्वेबेकपेक्षा जुराकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण देश तोच ठेवून राज्य बदलण्याचा हा प्रश्न आहे आणि जिल्हा हा मोजणीचा घटक दांडेकर समितीपासून महाराष्ट्राला परिचित आहे. संसदेने गोव्याप्रमाणे विशेष कायदा करून अकरा जिल्ह्यांत जनमत घ्यावे, मतमोजणी जिल्हावार जाहीर करावी, आणि एकूण कौल वेगळ्या राज्याच्या बाजूने गेला तरी ज्या सीमावर्ती जिल्ह्यात नकार असेल त्याला महाराष्ट्रात राहण्याचा पर्याय खुला ठेवावा, ही रचना घटनेच्या चौकटीत बसते, कारण अंतिम निर्णय तिसऱ्या कलमाखाली संसदच घेते. अशा मतदानाला विदर्भवाद्यांनी भिऊ नये. पूर्व विदर्भाच्या बहुमताने बुलढाण्याला ओढून नेलेले राज्य पहिल्या दिवसापासून नव्या अनुशेषाची तक्रार ऐकत बसेल. अखंड महाराष्ट्रवाद्यांनीही भिऊ नये. लोकांना महाराष्ट्र हवा आहे हा त्यांचा दावा खरा असेल, तर तो सिद्ध करण्याची याहून चांगली संधी त्यांना मिळणार नाही. मत मागण्याआधी दोन्ही बाजूंनी मतदारापुढे हिशेब मांडला पाहिजे: नव्या राज्याचा महसूल किती, मुंबईचा कर गेल्यावर पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जफेड कशातून होईल, उच्च न्यायालय कुठे असेल, आणि जिगावचे पाणी नागपूरच्या सरकारकडून लवकर येईल की मुंबईच्या. हा हिशेब न मांडता विचारलेला प्रश्न प्रामाणिक ठरणार नाही.

तोवर एक काम थांबवण्याचे काहीच कारण नाही. ३७१ व्या कलमाखालील विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि राज्य मंत्रिमंडळाने ते पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. निधीवाटपावर राज्यपालांची घटनात्मक नजर ठेवणारी ही एकमेव यंत्रणा नियमित, विनाखंड आणि नागपूर व अमरावती विभागांचा हिशेब वेगळा दाखवणारी असावी, ही मागणी बुलढाणा जिल्ह्यातील विदर्भवादी आणि अखंड महाराष्ट्रवादी लोकप्रतिनिधींनी, आपापली भूमिका न सोडता, एकत्र येऊन करावी.